खाल्लेले अंगी का लागत नाही?



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान या विषयांवर बोलणारे विद्वान येतात, आणि ते योग्यच आहे. त्या मालिकेत मोंढ्यातल्या हमाल-मापाड्यांच्या संघटनेत आयुष्य घालविलेला, शाळा लवकर सुटलेला माझ्यासारखा माणूस उभा राहावा, आणि त्याने माणसाच्या लहान आतड्यावर बोलावे, हे ऐकून कोणाला हसू आले असेल तर मला त्याचा राग नाही. मी डॉक्टर नव्हे, हे प्रथमच सांगून टाकतो. जे थोडेफार मला ठाऊक आहे ते मी वाचनालयातल्या पुस्तकांतून, दवाखान्याच्या बाकावर बसून आणि डॉक्टरांना पुन्हा पुन्हा प्रश्न विचारून गोळा केले आहे. रोग ओळखणे हे डॉक्टरांचे काम होय. परंतु रोग्याला वेळेवर डॉक्टरांच्या दारापर्यंत पोचविणे हे शेजाऱ्याचे, सोबत्याचे आणि संघटनेचे काम आहे. आणि तेवढ्यापुरते बोलण्याचा अधिकार मी मागतो.

हा विषय मी का निवडला? आमची चळवळ ही भाकरीची चळवळ आहे. मजुरी किती वाढली, त्या मजुरीत किती धान्य येते, ताटात किती पडते, येथपर्यंतचा हिशेब आम्ही रोज करतो. पण हा हिशेब ताटापाशी थांबतो. ताट आणि रक्त यांच्यामध्ये एक भिंत आहे, आणि ती ओलांडल्याशिवाय भाकरीचे बळ होत नाही. आपल्या मराठीत ‘अंगी लागणे’ असा एक नेमका शब्दप्रयोग आहे. खाणे वेगळे आणि अंगी लागणे वेगळे, हे आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होते. पोरगे दोन वेळा पोटभर जेवते आणि तरी काड्यांसारखे हातपाय घेऊन हिंडते, तेव्हा त्या म्हणत, “खाल्लेलं अंगी लागत नाही ग बाई.” येथवर त्यांचे निदान बरोबर होते. त्यापुढे मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली जाई. आज आपल्याला त्यापुढची वाट पाहावयाची आहे.

मोंढ्याचेच उदाहरण घेतो. हळदीच्या हंगामात गाड्या रात्रीपासून रांगेत उभ्या असतात. फाटकावर आवक नोंदली जाते. पण गाडी आत आली म्हणजे माल गोदामात गेला असे होत नाही. माल उतरवावा लागतो, ओट्यावर ओतावा लागतो, चाळून, तोलून, पोत्यांत भरावा लागतो, आणि मग माणसाच्या पाठीवरून तो गोदामात थप्पीला लागतो. शरीरातही तोंड हे फाटक आहे आणि जठर हा ओटा आहे. तोडफोड, निवडानिवड आणि वाहतूक ही सगळी खरी मेहनत मात्र लहान आतड्यात होते.

हे लहान आतडे मोठ्या माणसात सुमारे सहा मीटर लांब असते. नाव लहान, कारण नळी अरुंद. लांबीने ते मोठ्या आतड्याच्या कितीतरी पुढे. त्याचे तीन भाग मानतात. जठराला लागून असलेले आद्यांत्र जेमतेम वीतभर, त्यानंतर मध्यांत्र, आणि शेवटी शेषांत्र. आतड्याच्या आतल्या बाजूला घड्या असतात, घड्यांवर मखमलीच्या लवीसारखे असंख्य बारीक अंकुर असतात, आणि प्रत्येक अंकुरावरील पेशींना पुन्हा त्याहून सूक्ष्म केसरे असतात. हेतू हा, की थोड्या जागेत जास्तीत जास्त पृष्ठभाग मिळावा. नव्या मोजणीप्रमाणे आपल्या अन्नमार्गाचा आतला पृष्ठभाग सुमारे तीस चौरस मीटर, म्हणजे दोन-तीन चांगल्या खोल्यांच्या जमिनीएवढा भरतो. या अस्तराच्या पेशी तीन ते पाच दिवसांत झडतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. भिंत सतत नवी होत असते, म्हणून ती बिघडतेही लवकर आणि कारण दूर झाले तर सुधारतेही.

कामाची वाटणीही ठरलेली आहे. लोह आणि फॉलिक आम्ल मुख्यतः वरच्या भागात शोषले जातात. साखर, प्रथिने, स्निग्ध पदार्थ यांचा मोठा वाटा मध्यांत्र उचलते. ब-१२ हे जीवनसत्त्व मात्र अगदी शेवटी, शेषांत्रात घेतले जाते. एखाद्या टोळीने काम थांबविले तर बाकीचा मोंढा चालू राहूनही एकच माल अडून बसावा, तसे येथे होते. म्हणूनच कोणाला नुसता रक्तक्षय दिसतो, कोणाची हाडे दुखतात, कोणाला रातांधळेपणा येतो, आणि मूळ कारण पोटात आहे याची शंकाही येत नाही.

अन्न अंगी न लागण्याच्या रोगांना वैद्यकात अपशोषण म्हणतात. त्याची कारणे पुष्कळ आहेत, पण सामान्य माणसाला समजण्यासाठी मी ती चार प्रकारांत मांडतो.

पहिला प्रकार रसांच्या तुटवड्याचा. स्वादुपिंडाचा रस किंवा यकृतातून येणारे पित्त कमी पडले तर अन्न, विशेषतः तेल-तूप, फुटतच नाही. दारूने स्वादुपिंड निकामी झालेल्या माणसाचे असे होते. दुसरा प्रकार एखादेच दार बंद असण्याचा. दुधातली साखर फोडणारे लॅक्टेज नावाचे विकर लहानपणी भरपूर असते आणि पुष्कळ माणसांत मोठेपणी कमी होते. त्यांना दुधाने पोट फुगते, जुलाब होतात. पण दही-ताक बहुधा सोसते. हा दोष सौम्य आहे आणि त्यात भिण्यासारखे काही नाही. तिसरा प्रकार वाटच आखूड होण्याचा किंवा तुंबण्याचा. शस्त्रक्रियेत आतड्याचा मोठा भाग काढावा लागला, किंवा क्षयाच्या जंतूंनी शेषांत्राशी घर करून ते अरुंद केले, तर असे होते. आतड्याचा क्षय आपल्या देशात दुर्मिळ नाही, आणि क्षयाची तपासणी व औषधे सरकारी यंत्रणेत मोफत मिळतात, हे लक्षात ठेवा. चौथा प्रकार भिंतच झिजण्याचा: अंकुर बोथट होतात, सपाट होतात, मखमलीचे सुतड होते. या चौथ्या प्रकाराविषयी मला आज अधिक बोलावयाचे आहे.

भिंत झिजण्याच्या एका रोगाला आपण जुन्या काळापासून संग्रहणी म्हणत आलो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ग्रहणीदोषाचा एक स्वतंत्र अध्यायच आहे. अर्थात, संग्रहणी या शब्दाच्या पोटात आजचे निरनिराळे अनेक रोग येतात. महिनोन् महिने जुलाब, लाल सोललेली जीभ, उतरत जाणारे वजन, पांढरा पडत जाणारा चेहरा, असे वर्णन असलेल्या उष्ण प्रदेशांतील एका रोगाला इंग्रज डॉक्टरांनी ‘ट्रॉपिकल स्प्रू’ असे नाव दिले. या रोगावरचा उपाय सापडण्याच्या कथेत मुंबईच्या गिरणगावाचा वाटा आहे. कामगारांच्या व्यासपीठांवरून तो फारसा सांगितला जात नाही, म्हणून मी मुद्दाम सांगतो.

१९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या एक इंग्रज डॉक्टरीण मुंबईस आल्या. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांना एक भयंकर रक्तक्षय होई आणि त्यात अनेकजणी दगावत. विल्सबाईंनी हाफकिन संस्थेत राहून या प्रश्नाचा पाठपुरावा केला. जंतूंचा शोध घेतला, त्यात हाती काही लागले नाही. मग त्यांनी या बायका काय खातात हे तपासले. ज्यांच्या आहारात भाजीपाला, फळे, दूध यांचे दुर्भिक्ष, त्यांच्यात रोग जास्त. पुढे प्राण्यांवरील प्रयोगांत आणि मग रोगी स्त्रियांवर त्यांना असे आढळले, की यीस्टचा अर्क, मार्माइट या नावाने विकला जाणारा स्वस्त पदार्थ, दिला की रक्त झपाट्याने भरून येते. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या अर्कात असे काय आहे हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. म्हणून त्या अज्ञात द्रव्याला ‘विल्स घटक’ म्हणू लागले. गिरणीतल्या बायकांची भिंत शाबूत होती की नाही हा निराळा प्रश्न. त्यांच्या ताटातच तो घटक कमी होता. पण ताटात असूनही भिंतीपाशी अडणारा घटक तोच निघाला.

त्याचे नाव फॉलिक आम्ल. १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळे केले गेले आणि १९४५ च्या सुमारास अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत ते कृत्रिम रीतीने तयार झाले. त्या प्रयोगशाळेतील संशोधनाचे नेतृत्व करणारे गृहस्थ होते भीमावरमचे डॉक्टर यल्लाप्रगड सुब्बाराव. त्यांचे दोन भाऊ तरुणपणीच, थोड्या दिवसांच्या अंतराने, स्प्रूने गेले होते. स्वतः सुब्बारावही त्या रोगातून आयुर्वेदिक उपचाराने कसेबसे उठले होते. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात खादी वापरणारा हा विद्यार्थी १९२३ साली अमेरिकेला गेला, आणि ज्या रोगाने घर उद्ध्वस्त केले त्या रोगावर चालणारे औषध त्याच्या हाताखालच्या मंडळींनी तयार केले. फॉलिक आम्ल हाती आल्यावर लवकरच स्प्रूच्या रोग्यांवर त्याचा गुण दिसून आला. १९४८ साली सुब्बाराव वारले. आज गरोदर बायांना आरोग्य उपकेंद्रात लोहाबरोबर जी फॉलिक आम्लाची गोळी मिळते, तिच्यामागे गिरणगावातल्या अनामिक कामकरी स्त्रिया आणि भीमावरमचे ते घर, दोन्ही उभे आहेत.

पुढे १९६० च्या सुमारास तामिळनाडूतील त्या वेळच्या उत्तर अर्काट जिल्ह्यात स्प्रूची साथच पसरली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉक्टर बेकर आणि डॉक्टर माथन यांनी खेड्याखेड्यांतून तिचा अभ्यास केला. एका घरातली, एका आळीतली माणसे मागोमाग पडत. यावरून या रोगाच्या मुळाशी काही संसर्ग असावा ही समजूत बळावली. आज स्प्रूवर फॉलिक आम्ल, ब-१२ आणि जंतुनाशक औषध असा काही महिन्यांचा उपचार करतात, आणि तो स्वस्त आहे.

एवढा सोपा उपचार असताना माणूस का खंगतो, हे मी डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. एका टोळीत तिशीतला एक हमाल होता. क्विंटलाचे ओझे सहज उचलणारा तो गडी वर्षभरात इतका उतरला, की भरले पोते पाठीवर घेतले की गुडघे लटपटत. जेवण तर चालू होते. सोबती म्हणाले, चोरून पीत असेल. मुकादम म्हणाला, अंगचोर झाला. हमालीचे काम पोत्यामागे असते. एकजण कमी उचलू लागला की बाकीच्यांच्या पाठीवर भार येतो. शेवटी त्याला टोळीतून काढण्याची गोष्ट निघाली, तेव्हा आम्ही त्याला घेऊन मोठ्या शहरातल्या दवाखान्यात गेलो. तेथील एका वयस्क डॉक्टरांनी त्याला एक प्रश्न विचारला, जो तोवर कोणीच विचारला नव्हता: शौचाला कसे होते? तो मान खाली घालून बसला. मग हळूहळू सांगू लागला. सात-आठ महिन्यांपासून दिवसातून तीन-चार वेळा, पुष्कळ, फिक्कट, तेलकट, भयंकर वासाचे. पाणी टाकले तरी चिकटून राहते. त्याने हे बायकोलाही सांगितले नव्हते. तपासण्या झाल्या, दुर्बिणीने आतड्याचा बारीक तुकडा काढून पाहिला, दुसरे रोग नाहीत याची खात्री केली, आणि स्प्रूचा उपचार सुरू झाला. सहा महिन्यांनी तो पुन्हा थप्पी लावू लागला. त्याची नोकरी आणि अब्रू ज्या प्रश्नाने वाचली तो प्रश्न आपण एकमेकांना विचारायला लाजतो.

दुर्बिणीतून तुकडा काढण्याची ही सोयही फार जुनी नाही. माणूस मेल्यावर आतड्याचे अस्तर काही तासांतच नासते. त्यामुळे शवविच्छेदनात सपाट दिसणारे अंकुर हे रोगाने झाले की मरणाने, हे डॉक्टरांना सांगता येत नसे. १९५० नंतरच्या दशकात जिवंत माणसाच्या आतड्याचे नमुने मिळू लागले आणि भिंतीची झीज प्रथम निश्चितपणे दिसली.

भिंत झिजविणारा दुसरा रोग सिलिॲक. यात गव्हातील ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटते. हॉलंडमधील विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांना महायुद्धापूर्वीपासूनच गव्हाविषयी शंका होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तेथे पावाचा दुष्काळ पडला. इतर माणसे उपाशी मरत असताना या रोगाची मुले मात्र सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा खालावली. १९५० मध्ये डिके यांनी आपला प्रबंध सादर केला आणि गहू हे कारण ठरले.

आपल्या देशात उत्तरेकडे, जेथे गव्हाची रोटी दोन्ही वेळा ताटात असते, तेथे हा रोग जास्त आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत या रोगाची रक्तातील खूण उत्तर भारतात शंभरात एकाहून थोड्या अधिक लोकांत, तर दक्षिणेत हजारात एकाजवळ आढळली. आपला मराठवाडा हा मुळात ज्वारीचा मुलूख. येथे गव्हाची पोळी सणासुदीची आणि पाहुण्यांची होती. जुनी माणसे १९७२ च्या दुष्काळातली सुकडी अजून आठवतात. पुढे रेशनच्या दुकानातून गहू घरोघर नियमित येऊ लागला, आणि पोळी रोजची झाली. त्यात वाईट काही नाही. गहू हे चांगले धान्य आहे आणि बहुतेकांना ते मानवते. ज्या थोड्यांना मानवत नाही त्यांना मात्र ओळखले पाहिजे, कारण घरचे लोक प्रेमापोटी नेमके उलटे करतात.

माझ्या ओळखीच्या एका घरात बारावीत शिकणारी मुलगी होती. लहान चणीची, निस्तेज, पाळी उशिरा आलेली. रक्त कमी म्हणून वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या चालू. रक्त काही वाढेना. घरात सगळ्यांना ज्वारीची भाकरी. पण ही अशक्त, म्हणून हिच्यासाठी आई वेगळी गव्हाची पोळी लाटून, वर तूप घालून देई. जुलाब तिला फारसे कधी झालेच नाहीत. शेवटी एका डॉक्टरांनी विचार केला, की गोळ्या घेऊनही लोह चढत नाही तर भिंत पाहिली पाहिजे. रक्ताची तपासणी आणि तुकड्याची तपासणी झाली, सिलिॲक निघाला. माउलीला केवढे दुःख झाले असेल! तिने मुलीला घरातले सर्वांत चांगले ते दिले होते. आज ती मुलगी घरच्यासारखीच भाकरी खाते आणि तिचे रक्त गोळ्यांनी वाढते आहे.

या रोगाला औषध नाही. गहू, रवा, मैदा, शेवया, जव हे आयुष्यभर कटाक्षाने सोडणे हाच उपचार. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, सर्व डाळी चालतात. ज्या उपचारासाठी शहरांत महागडी पाकिटे विकत घ्यावी लागतात तो आपल्या शेतात पिकतो. पण दोन ठिकाणी सावध राहावे लागते. पहिले म्हणजे पिठाची गिरणी. गव्हानंतर त्याच जात्यातून ज्वारी दळली तर पिठात गहू उतरतोच. त्या मुलीच्या वडिलांनी शेवटी घरी लहान चक्की घेतली. दुसरे म्हणजे हिंग. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते. पाकिटावर वाचून घ्यावे. आणि एक ताकीद: हे भाषण ऐकून उद्यापासून कोणी आपल्या मनाने गहू सोडू नये. गहू सोडल्यावर तपासणी केली तर रोग असूनही सापडत नाही. आधी तपासणी, मग पथ्य.

आता मी सर्वांत मोठ्या मुद्द्याकडे येतो. स्प्रू आणि सिलिॲक हे काही थोड्यांचे रोग. पण अर्धवट झिजलेली भिंत ही गरिबीत राहणाऱ्या असंख्य मुलांची असते. त्यांना ठळक असा कोणताच रोग नसतो. ती दवाखान्यात येत नाहीत. नुसती उंचीला खुंटतात. घाणीने दूषित झालेले पाणी, मातीचे हात, माश्या बसलेले अन्न यांच्यावाटे विष्ठेतील जंतू दिवसेंदिवस पोटात जात राहिले, की अंकुर बोथट होतात आणि भिंत झिरपू लागते. याला आज पर्यावरणजन्य आंत्रविकार म्हणतात.

कोणी म्हणेल, आपल्या लोकांची जातच किरकोळ, आतडी तशीच असणार. याला फार चांगले उत्तर आहे. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतले तरुण स्वयंसेवक तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात कामासाठी येऊन राहिले. धडधाकट, चांगले पोसलेले. काही महिने तेथले पाणी पिऊन आणि तेथले अन्न खाऊन राहिल्यावर तपासले, तर त्यांच्यातल्या अनेकांचे अंकुर तसेच बोथट झालेले आणि शोषण कमी झालेले आढळले. मायदेशी परतल्यावर काही महिन्यांत त्यांची आतडी पुन्हा पूर्ववत झाली. म्हणजे दोष रक्ताचा नाही, वंशाचा नाही, जातीचा तर नाहीच नाही. तो पाण्याचा आणि संडासाचा आहे, आणि सुधारता येण्याजोगा आहे. मात्र ते स्वयंसेवक विमानाने परत गेले. ऊसतोडीच्या फडावर पालात वाढणारे, दर हंगामी मायबापांबरोबर गाव सोडणारे लेकरू कोठे परत जाणार?

शाळेत खिचडी मिळते, अंगणवाडीत खाऊ मिळतो, रेशन मिळते. ते मिळालेच पाहिजे, आणि कमी पडते तेथे भांडलेच पाहिजे. पण त्याच अंगणवाडीपाशी हात धुवायला पाणी नसेल, तर आपण पालथ्या घड्यावर पाणी ओततो आहोत. मजुरीतील वाढ शौचकूपाच्या अभावी वाहून जात असेल तर ती वाढ कोणाची? महाराष्ट्रात माथाडी-हमालांच्या संरक्षणाचा कायदा १९६९ साली झाला. त्यामागे मोठा लढा होता. मजुरी, भविष्यनिर्वाह, दवापाणी यांची भाषा आम्ही त्या लढ्यातून शिकलो. बाजाराच्या आवारात स्वच्छ पिण्याचे पाणी, बायामाणसांना वेगळे आणि वापरता येईल असे शौचालय, जेवणाआधी हात धुण्याला साबण आणि नळ, या मागण्या त्या यादीत पहिल्या रांगेत बसविल्या पाहिजेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ज्याला चैन म्हणून मागे ढकलले जाते ते मजुरीचेच कलम आहे.

आता घरी काय करावयाचे ते थोडक्यात सांगतो. जुलाब चार आठवड्यांहून अधिक टिकले. शौच तेलकट, चिकट, फार दुर्गंधीचे होऊ लागले. पोटभर खाऊन वजन उतरू लागले. जीभ सोलली, तोंड वारंवार येऊ लागले. पावलांवर सूज आली. लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही रक्त वाढेना. मूल दोन-दोन वर्षे त्याच मापाचे कपडे घालू लागले, तर वाट पाहू नका. डॉक्टरांना शौचाची हकीकत न विचारता सांगा. नुसत्या ‘ताकदीच्या’ बाटल्या आणि सलाईन यांवर पैसे घालवू नका. फॉलिक आम्लाच्या गोळ्याही आपल्या मनाने महिनोन् महिने घेऊ नका. ब-१२ कमी असेल तर रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि आतून नसांची हानी चालू राहते.

आणि साध्या जुलाबात काय करावे? येथे लहान आतड्याचा एक मोठा गुण उपयोगी पडतो. पटकीसारख्या रोगातही भिंतीतले एक दार उघडे राहते. साखर आणि मीठ त्या दारातून बरोबरीने आत जातात आणि आपल्यामागे पाणी ओढून नेतात. १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली, सलाईन संपत आले, तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पिंपांत कालवून रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हातांनी पाजविले आणि हजारो जीव वाचविले. सरकारी दवाखान्यात त्याचे पाकीट फुकट मिळते. ते नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला, चमचा चहाचा. मुलाला अंगावरचे दूध आणि जेवण बंद करू नका. मुलांच्या जुलाबात जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस द्यावयाच्या असतात, त्याही मागून घ्या.

मित्रहो, एखादा सोबती वाळत चालला तर त्याला आळशी, दारुड्या, अंगचोर म्हणण्याआधी त्याला बाजूला घेऊन तो अवघड प्रश्न विचारा. सून खाते पण फळत नाही, पोर खाते पण वाढत नाही, असे बोलण्याआधी तिची आणि त्याची भिंत तपासून घ्या. एका माणसाची भिंत डॉक्टर दुरुस्त करतील. गावातल्या सगळ्या लेकरांच्या भिंती दुरुस्त करणारा डॉक्टर कोठल्याही दवाखान्यात बसत नाही; ते काम नगरपालिकेच्या सभेत, ग्रामसभेत आणि बाजार समितीच्या कचेरीत करावे लागते. तेथे मी आणि माझे सोबती जातच असतो. आज येथे बसलेल्यांपैकी जे कोणी पुढच्या वेळी बरोबर येतील त्यांचे स्वागत आहे.

 शंका असतील त्या अवश्य विचारा. ज्यांचे उत्तर मला येणार नाही त्यासाठी आपल्यात बसलेल्या डॉक्टर मंडळींना विनंती करतो.